खोक्यावरचा 'नामशेष'

अधिवास

नामशेष झालेल्या प्राण्यांवर आपल्या भाषेत माझ्याइतकं रसाळ कुणी लिहिलेलं नाही. हे मी म्हणत नाही, माझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलंय. (मजकूर मीच लिहून दिला होता, पण छापला प्रकाशकाने!) तेव्हा घर बदलायच्या दिवशी मी अगदी निर्धास्त होतो. उत्क्रांती कोळून प्यायलेल्या माणसाला बिऱ्हाड हलवणं काय जड?

त्याच संध्याकाळी नव्या घराजवळच्या वाचनालयात माझं भाषण होतं. पुस्तकातून वाचून दाखवायचं आणि एक प्रत वाचनालयाला भेट द्यायची. प्रकाशकाने धंदा केव्हाच गुंडाळला होता. उरलेल्या सगळ्या प्रती माझ्याकडे, एका खोक्यात.

वर्गीकरण

सामानाचा ताबा सासऱ्यांकडे. ते निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे वर्गीकरण त्यांच्या रक्तातच! प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने एकच शब्द लिहायचा, असा हुकूम निघाला: 'नेणे', 'देणे' किंवा 'टाकणे'. बायकोने मुकाट्याने तसं लिहिलं. मी मात्र शास्त्रीय शिस्तीने आतल्या मालाचा विषय लिहिला, टपोऱ्या अक्षरांत: 'नामशेष'. मागे सरकून पाहिलं. ऊर भरून आला.

ऱ्हास

दुपारी नव्या घरात माझं खोकं दिसेना. सासरे टेबलाशी चहा पीत बसले होते.

"बाबा, माझं एक खोकं होतं. नामशेष लिहिलेलं."

"ते केलं की."

"काय केलं?"

"नामशेष." त्यांनी बशीत फुंकर घातली. "रद्दीवाल्याला दिलं. जावईबापू, साधं 'टाकणे' लिहिलं असतं तरी कळलं असतं मला. पण तुमचं सगळंच पुस्तकी."

मी शेपटीला आग लागल्यासारखा धावलो. रद्दीवाल्याने सांगितलं की गाडी कागद कारखान्यात गेलीसुद्धा, एव्हाना लगदा झाला असेल. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी.

"माल मात्र झकास होता, साहेब. एकही पान उलटलेलं नव्हतं."

अवशेष

परत आलो तो मीच नामशेष व्हायच्या बेतात! आता वाचनालयात जाऊन दाखवायचं काय? रिकामे हात? बायको पदराशी चाळा करत म्हणाली,

"अहो, एक प्रत आहे. पण चिडायचं नाही."

तिची नजर टेबलाखाली गेली. माझीही गेली. टेबलाच्या आखूड पायाखाली, सासऱ्यांच्या चहाचा भार पेलत, माझं पुस्तक!

"जुन्या घरातही तिथेच होतं, इथे आल्यावर पुन्हा लावलं," ती म्हणाली. "बाकीची सगळी घालून पाहिली हो. एक जाड होतं, एक पातळ. तुमचंच फिट बसलं."

जो फिट तो टिकतो! चौथ्या प्रकरणात मी हाच नियम समजावून सांगितलाय. माझ्याच पुस्तकाने तो सिद्ध करावा, याहून मोठा मान कोणता?

संध्याकाळी मुखपृष्ठावरचा गोल खड्डा सगळ्यांना दाखवत मी गरजलो, "हा या जातीचा शेवटचा जिवंत नमुना!" टाळ्या थांबेनात. ग्रंथपालांनी प्रत काचेच्या कपाटात ठेवली.

तळटीप

घरी आलो तर टेबल डुगडुगत होतं आणि सासऱ्यांच्या सदऱ्यावर चहा सांडला होता.

"जावईबापू, पुढचं पुस्तक कधी लिहिताय?"

प्रकाशकानेसुद्धा मला हे कधी विचारलं नव्हतं! मी छाती फुगवून विषय सांगायला तोंड उघडलं.

"विषय कुठलाही घ्या," सासरे म्हणाले. "जाडी तेवढी तीच ठेवा."