हसता हसता रडणारी मुलगी

"माझी नजर ही नुसती नजर नाही, एक्सरे आहे," मामा दातांच्या दवाखान्यातल्या स्वागतिकेला सांगत होते. "माणूस दारातून आत येतो न येतो तोच, तो सकाळी कोणत्या कुशीवर उठला हे मला कळतं. आजवर सतरा प्रकरणं हाताळली. त्यांतल्या अकरांमध्ये गुन्हाच घडला नव्हता, हेसुद्धा मीच शोधून काढलं!"

"कोणता दात दुखतोय?" स्वागतिकेने विचारलं.

मागे उभ्या असलेल्या भाचीला कुठे तोंड लपवू असं झालं. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून मामा गुप्तहेर झाले होते आणि त्यांना मदतनीस म्हणून घरात हीच एक रिकामी सापडली होती. आज मात्र ती रिकामी नव्हती, कारण आजचं प्रकरण तिचंच होतं.

नोकरी सोडून ती हलती चित्रं करायला लागली होती. एकाच मुलीची बारा चित्रं काढायची, संगणकावर त्यांच्या केसाएवढ्या उभ्या पट्ट्या कापायच्या, त्या एकाआड एक बसवून छापायच्या आणि वर बारीक उभ्या खाचांचा पारदर्शक पत्रा चिकटवायचा. मग बघणारा जसा चालतो तसं चित्र बदलत जातं. या दवाखान्यासाठी तिने गाल धरून रडणारी मुलगी केली होती. दारातून आत शिरणाऱ्याला ती रडताना दिसावी आणि तो डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर खुदकन हसावी, असा बेत होता. मुलीमागची खिडकी खोल दिसावी म्हणून ती प्रत्येक चित्रात किंचित सरकवली होती. एकट्या खालच्या ओठावर आठ दिवस गेले होते.

आणि तीच मुलगी भिंतीवर लागल्यापासून उलटी वागत होती. पेशंट आत शिरला की हसायची आणि डॉक्टरांच्या दाराजवळ पोचला की भोकाड पसरायची. तीन दिवसांत चार जण दारातूनच माघारी फिरले होते.

"बारापर्यंत काय ते बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर मी ते उतरवते. मुलांच्या इस्पितळाला तीन मजले भरून अशी चित्रं हवी आहेत, ते माझ्या सांगण्याची वाट बघतायत. मी त्यांना काय सांगू, सांगा बरं!"

अकरा वाजून गेले होते. भाचीने रात्रीतून बाराही चित्रांचा क्रम तीनदा तपासला होता. एकही चित्र मागेपुढे झालेलं नव्हतं. तरी चूक आपलीच असणार, असं तिला वाटत होतं.

मामांनी भिंग काढून पत्रा हुंगला. भिंगाने हुंगता येत नाही, हे त्यांना नंतर जाणवलं.

"पलीकडच्या गल्लीत दुसरा दंतवैद्य आहे?"

"आहे," स्वागतिका म्हणाली.

"झालं! तो रात्री आला आणि त्याने चित्र उलटं टांगलं."

"मामा, मुलीचं डोकं वरच आहे."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही." मामा स्वागतिकेकडे वळले. "तुम्हाला खुर्चीतून काय दिसतं? रडताना की हसताना?"

"मला ती शिंकताना दिसते."

तिची खुर्ची बरोब्बर मधोमध होती. तिथून अर्धं रडू आणि अर्धं हसू एकमेकांत मिसळायचं. भाची हे समजावून सांगणार, इतक्यात मामांनी वहीत लिहिलंसुद्धा : 'मुली तीन. दोघी साक्षीदार, तिसरीला सर्दी.'

मग त्यांची एक्सरे नजर कोपऱ्यातल्या गृहस्थांवर पडली. त्यांचा डावा गाल टम्म फुगला होता. तोंड उघडत नव्हतं, पण हात एकसारखा समोरच्या भिंतीकडे दाखवत ते "हं! हं!" करत होते.

"हे तीन दिवस रोज येतात," स्वागतिका कुजबुजली. "नंबर लागला की दारापर्यंत जातात आणि पळून जातात."

"सापडला!" मामांनी भाचीचं कोपर दाबलं. "गालात काय लपवलंय, विचार त्याला."

तेवढ्यात गृहस्थ ताडकन उठले, त्यांनी भिंतीवरचं चित्र काढलं आणि उचलून चालू लागले.

"चोरी! दिवसाढवळ्या!"

गृहस्थ फक्त समोरच्या भिंतीपर्यंत गेले. चित्र तिथे धरून त्यांनी मानेने भाचीला खूण केली. ती बाहेरच्या दारापाशी गेली आणि तिथून चालत आली. मुलगी रडत होती. मग रडू ओसरलं, ओठ सरळ झाला आणि डॉक्टरांच्या दाराशी ती हसली.

तीन दिवस पळून जाताना या गृहस्थांना तिचं हसू दिसलं होतं. बाहेर जाणाऱ्याला जे दिसतं तेच आत येणाऱ्याला दाखवायचं तर भिंत बदलायला हवी, एवढं साधं गणित त्यांनी बसल्या बसल्या सोडवलं होतं.

"अहो, पण मी उजवी भिंत कळवली होती!" चित्रांच्या क्रमातच अडकलेल्या भाचीच्या आता लक्षात आलं. "चित्र डावीकडे लावलं कुणी?"

स्वागतिकेने मामांकडे बोट केलं. "ह्यांनीच. पोचवायला आले तेव्हा म्हणाले, इथे खिळा तयारच आहे."

मामांनी भिंग खिशात घातलं. "मी नेहमी सांगतो, गुन्हेगार घटनास्थळी परत येतो."

उजव्या भिंतीत खिळा ठोकला गेला. ठोकाठोकी ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, दारापासून एकदा चालल्या आणि घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "पुढचा पेशंट."

पुढचे म्हणजे गृहस्थच. ते उठले आणि सवयीने बाहेरच्या दाराकडे गेले. भाची त्यांच्या पायांकडे बघत राहिली. तिथे ते वळले, गाल धरला आणि चालायला लागले. कोणत्या पावलाला त्यांना कितवं चित्र दिसतंय, ते तिला पाठ होतं. पहिलं, दुसरं, तिसरं. सहाव्यापाशी त्यांचे पाय अडले. सहाव्यात मुलगी रडायची थांबलेली असते, पण हसेल की नाही ते अजून ठरलेलं नसतं. त्या एका ओठासाठी तिने आठ दिवस घातले होते.

"धरू का त्याला?" मामांनी हळूच विचारलं.

"नको मामा," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना जाऊ दे."

गृहस्थांनी सातवं पाऊल टाकलं. मग आठवं. आणि बाराव्याला, दुखऱ्या गालाने जमेल तेवढं हसून, त्यांनी डॉक्टरांचं दार स्वतःच्या हाताने उघडलं.