लेत्शोलो मास्तरांचं पंचाण्णव

"त्र्याण्णव टाकू का, मास्तर? पंचाण्णव संपलंय," पंपावरची ओआराबिले म्हणाली, आणि लेत्शोलो मास्तरांचा हात स्टिअरिंगवरच थिजला.

गेली चौदा वर्षं कागिसो वस्तीतल्या आमच्या चर्चमधली प्रत्येक नवरी मास्तरांच्या पांढऱ्या जर्मन गाडीतून लग्नाला गेली होती. ही गाडी दोनच गोष्टी मानते, असं मास्तर सांगत. एक हा निळ्या पाटीचा पंप आणि दुसरं पंचाण्णव ऑक्टेनचं पेट्रोल. त्र्याण्णव म्हणजे स्वस्तातलं, टॅक्सीवाल्यांचं. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाशी पंचाण्णव मोठं की त्र्याण्णव यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती. पंपावर काच खाली करून ते "पंचाण्णव, फुल" म्हणत, तेसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"समोरच्या पंपावर आहे पंचाण्णव," ओआराबिलेने सुचवलं.

"त्या पिवळ्या पाटीकडे मी जाऊ?"

"एकच टँकर येतो, मास्तर. आधी इथे ओततो, मग रस्ता ओलांडून तिकडे. आणि आपल्याकडे उंचावर हवा विरळ. तुमच्या गाडीला त्र्याण्णव पुरतं. खाली डर्बनला समुद्रावर गेलात तर गोष्ट वेगळी."

"तू मला शिकवू नकोस." पण काटा लाल रेघेच्याही खाली गेला होता. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "भर त्र्याण्णव."

हळू बोलले हेच चुकलं. पंपाच्या भिंतीशी मा सेरोके मग्विन्या, म्हणजे फुगलेल्या पिठाचे गोळे, तळत बसते. मास्तरांच्या मोठ्या आवाजाकडे तिचं लक्षही नसायचं. कुजबूज मात्र तिला पलीकडच्या गल्लीतून ऐकू येते.

बुधवारी चर्चच्या बायका दारात हजर झाल्या. मक्याच्या पिठाची गोणी, माशांचे सहा डबे आणि एक जिवंत कोंबडी. मास्तरांची बायको केनेइल्वे बघतच राहिली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही, बाई. पण आमच्यापासून काय लपवायचं?" मा सेरोकेने तिचा हात हातात घेतला. "मास्तरांची नोकरी गेली ना?"

"सहा वर्षं झाली. रिटायर झालेत ते."

"बघा, पेन्शनही बंद झालं असणार," मा सेरोके मागच्या बायकांना म्हणाली, आणि सगळ्यांनी तिथेच प्रार्थना सुरू केली. कोंबडी कोचाखाली शिरली.

हे सगळं मास्तरांनी सोसलं असतं. पण शुक्रवारी चर्चच्या गायकमंडळाचा मोत्सुमी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं, गाओनेचं, लग्न होतं. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"मास्तर, नवरीसाठी आम्ही गल्लीतल्या फेतोएची नवी गाडी सांगितलीय. तुम्हाला या दिवसांत त्रास नको."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाओनेच्या आईलाही त्यांनीच चर्चला नेलं होतं, जुन्या गाडीतून. "अरे, कसले दिवस? पंचाण्णव संपलं होतं म्हणून त्र्याण्णव टाकलं."

"समोर होतं ना."

"समोरचं मी घेत नाही."

मोत्सुमीने अशा काही दयेने पाहिलं की मास्तर चपला न घालताच अंगणात आले. "चल. तुझ्या गायकमंडळातले सगळ्यात जाडे चार बोलाव. चर्चचा चढ तिसऱ्या गिअरवर चढून दाखवतो. गाडीला धाप लागली, तर उद्या फेतोएची गाडी."

"चला, बसूच," मोत्सुमी म्हणाला.

"आधी जरा पंपावर..." मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं की टाकीत अजून सोमवारचं त्र्याण्णवच आहे. पण चौघे खर्ज गाणारे समोरच्या पारावर बसलेलेच होते, आणि ते गाडीत कोंबलेही गेले. अर्धी गल्ली मागून चालू लागली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

चढ सुरू झाला. मास्तर डोळे मिटायचे बाकी होते. गाडी ना खोकली, ना कुरकुरली. मागे चौघे घाबरून स्तोत्र गाऊ लागले आणि ते संपायच्या आत गाडी चर्चच्या फाटकात उभी होती.

"याला म्हणतात पेट्रोल," मोत्सुमी भारावून म्हणाला. "परत पंचाण्णवच भरलंत ना, मास्तर?"

समोर चर्च होतं. दारात पाद्रीसाहेब उभे होते. मास्तर चर्चचे वडीलधारे, खोटं बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी छाती पुढे काढली.

"मोत्सुमी, पंचाण्णव हे त्र्याण्णवपेक्षा दोनने मोठं असतं. हे मी तुलाही शिकवलंय."

शनिवारी गाओने मास्तरांच्याच गाडीतून गेली. फिती लावलेल्या गाडीत मास्तर असे ताठ बसले होते की नवरदेव कोण हे पाहुण्यांना विचारावं लागलं. मनात त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"टाकीच्या तळाशी जुनं पंचाण्णव होतं. त्याने ओढलं," रात्री जेवताना ते म्हणाले.

"काटा लाल रेघेखाली होता म्हणालात," केनेइल्वेने कोंबडीची तंगडी त्यांना वाढली. मास्तर जेवू लागले.

सोमवारी पंपावर ही रांग. सगळं चर्च लोटलं होतं. मास्तरांच्या मागेच फेतोएची नवी गाडी होती आणि भिंतीशी मा सेरोके कान टवकारून बसली होती. ओआराबिले खिडकीशी वाकली.

"पंचाण्णव आत्ताच संपलं, मास्तर. तुमच्याच माणसांनी संपवलं."

मास्तरांनी क्षणभर समोरच्या पिवळ्या पाटीकडे पाहिलं. मग काच पूर्ण खाली केली आणि शेवटच्या गाडीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "नेहमीचं. फुल."

ओआराबिलेने त्यांच्याकडे पाहिलं. मग पंपावरचा आकडा पाठीआड करून उभी राहिली आणि त्र्याण्णवची नळी उचलली.

मागून फेतोएने मान बाहेर काढली. "ताई, मलाही मास्तर घेतात तेच."

"तेच देते," ओआराबिले म्हणाली.