बेचाळीस आयांचं एकच उत्तर

एका जंगलात एक डोह होता, मुलांनो, आणि डोह फार खोल होता. हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पिल्लांना. दर वर्षी दोन-चार पिल्लं काठावरून घसरायची आणि परत यायची नाहीत.

वाघोबा महाराजांना याचं फार वाईट वाटलं. त्यांनी 'पिल्लू वाचवा' योजना काढली. उंबराखाली पाळणाघर सुरू केलं आणि तिथे टिटवीबाईंना नेमलं. जरा मोठ्या पिल्लांना पोहायला शिकवायला एक पाणमांजर ठेवलं. योजनेची पाटी तर एवढी मोठी केली, की तिच्या सावलीत हत्ती झोपायचा.

वर्ष सरलं. पाटी होती, पाळणाघर होतं, पाणमांजर होतं. तरी तीन पिल्लं गेली.

"असं कसं झालं?" महाराजांनी विचारलं.

"अभ्यास करावा लागेल," डॉक्टर बगळे म्हणाले.

डॉक्टर बगळे म्हणजे पाण्यातले मोठे जाणकार. तासन्‌तास एका पायावर उभे राहून पाण्याकडे बघत राहायचे. ते पाण्याचा विचार करतात असं सगळ्यांना वाटे. ते माशांचा विचार करत.

"किती पिल्लं गेली ते आकडे सांगतात, महाराज. का गेली, ते आयांच्या तोंडून ऐकायला हवं. याला गुणात्मक अभ्यास म्हणतात."

महाराजांना शब्द आवडला. त्यांनी होकार दिला आणि ते झोपले.

आयांशी बोलायचं काम आलं आवडाबाई साळिंदरणीकडे. आवडाबाई ऐकून घेण्यात पटाईत. जे ऐकेल ते पानावर लिहायची आणि पान पाठीवरच्या काट्याला टोचून ठेवायची.

पहिल्यांदा ती गेली धुरपदा सशिणीकडे. धुरपदाचं एक पिल्लू गेल्या साली डोहात गेलं होतं. दुसरं, भुऱ्या नावाचं, तिच्या पायांत घुटमळत होतं.

"धुरपदाबाई, पाळणाघराविषयी तुमचा अनुभव सांगा," आवडाबाईनं लिहून दिलेला प्रश्न वाचला.

"अनुभव काय सांगू आवडाक्का? चांगलंय की पाळणाघर. पण सकाळी बंद असतं. आणि मी गवताला जाते सकाळी. ऊन चढलं की गवत वाळतं. मी गवतात, पाळणाघर बंद, मग पोर जातं डोहाकडे."

"बंद का असतं सकाळी?"

"आता मलाच विचारताय? टिटवीबाईंना आधी दरबारात हजेरी लावावी लागते. महाराज उठल्याशिवाय हजेरी लागत नाही. आणि महाराज उठतात दुपारी."

एवढं बोलून धुरपदानं भुऱ्याला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "माझं पोर सकाळीच गेलं, आक्का."

आवडाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. पुढचे अकरा प्रश्न तिनं विचारलेच नाहीत.

मग ती हरिणीकडे गेली, माकडिणीकडे गेली, मुंगसिणीकडे गेली. बेचाळीस आयांना भेटली. बेचाळीस जणींनी तेच सांगितलं. एकीनं शिव्या घालून सांगितलं, पण सांगितलं तेच.

आवडाबाई धावत डोहावर आली. "डॉक्टर, कळलं! पाळणाघर सकाळी उघडा. बस, एवढंच!"

डॉक्टर बगळ्यांनी पाय बदलला. "आवडाबाई, हे आयांनी सांगितलं. विश्लेषण कुठे आहे?"

"यात विश्लेषण कसलं करायचं?"

"असं सरळ लिहिलं तर महाराज म्हणतील, मग डॉक्टर कशाला हवा?"

मग विश्लेषण सुरू झालं. बगळ्यांनी चोचीनं प्रत्येक वाक्याचे तुकडे केले आणि तुकड्यांचे गठ्ठे बांधले. या गठ्ठ्यांना ते 'आशयसूत्रं' म्हणत. 'सकाळी गवताला जाते' हा तुकडा 'मातेचं गवताशी नातं' या गठ्ठ्यात गेला. 'पाळणाघर बंद असतं' हा 'संस्थांविषयीच्या धारणा' या गठ्ठ्यात गेला. 'पोर डोहाकडे जातं' हा 'बालमनाचं जलाकर्षण' या गठ्ठ्यात गेला. महाराज दुपारी उठतात हा तुकडा 'इतर'मध्ये गेला.

"अहो, पण हे एकच वाक्य होतं!" आवडाबाई कळवळून म्हणाली. "तोडलं की त्यातलं 'म्हणून' निघून जातं!"

"भावनेच्या भरात जाऊ नका."

"आणि बेचाळीस जणी तेच बोलल्या त्याचं काय?"

"त्याला संपृक्तता म्हणतात. म्हणजे त्यात आता नवीन काही नाही. जे नवीन नाही, ते अहवालात कशाला?"

विश्लेषण तीन महिने चाललं. त्या तीन महिन्यांत एक करडू गेलं. बगळ्यांनी दोन मिनिटं दोन्ही पायांवर उभं राहून शोक केला.

शेवटी अहवाल ऐकवायचा दिवस उजाडला. डोहाच्या काठावर मांडव घातला. त्या दिवशी महाराज मुद्दाम सकाळी उठले. टिटवीबाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी पाणमांजर. आवडाबाईला बगळ्यांनी आपल्या बाजूला उभं केलं, कारण सगळी पानं तिच्या पाठीवर होती.

अर्थात पाळणाघर बंद होतं. आणि आया गवताला गेल्या होत्या.

बगळे 'बालमनाचं जलाकर्षण' समजावून सांगत असताना भुऱ्या मांडवाची झालर बघायला आला. झालर बघत बघत मागे सरकला. डुबूक!

पाणमांजर चटकन उठलं. शेजारच्या कोल्ह्यानं त्याला खाली ओढलं. "महाराज बसलेत. मध्येच उठू नये."

पाणमांजर बसलं.

आवडाबाईनं उडी मारली.

तिला कुणी पोहायला शिकवलं नव्हतं. पण साळिंदराचे काटे आतून पोकळ असतात, ती आपसूक तरंगली. हातपाय मारत भुऱ्यापाशी पोचली. त्यानं तिच्या पाठीला मिठी मारली आणि काटे टोचले तसा तो मोठ्यानं किंचाळला. रडतंय म्हणजे जिवंत आहे, असं म्हणत आवडाबाई काठाकडे सरकत राहिली.

तीन महिन्यांची पानं सुटून डोहभर पसरली.

"माझी आशयसूत्रं!" बगळे ओरडले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच घाईघाईनं पाण्यात शिरले.

कुणीतरी बोलावलं म्हणून धुरपदा धावत आली. तोंडात गवत तसंच होतं. तिनं भुऱ्याला पोटाशी धरलं, एकेक ओरखडा चाटला.

"उद्या सकाळी उंबराखाली घेऊन ये," आवडाबाई धापा टाकत म्हणाली. "मी बसते."

"हजेरीचं काय, आक्का?"

"आपली कोण घेतंय हजेरी?"

दुसऱ्या दिवशी सात पिल्लं आली. आठवड्यात तेवीस झाली. मग आयांनीच पाळ्या लावल्या, एक दिवस हरिणी बसायची, एक दिवस माकडीण. टिटवीबाई दुपारी येऊन पाळणाघर उघडत, तेव्हा पिल्लं जेवून झोपलेली असत.

त्यानंतर वर्षभर एकही पिल्लू बुडालं नाही.

बगळ्यांनी भिजलेली पानं वाळवून अहवाल पुरा केला. शेवटी लिहिलं, 'यंदा एकही पिल्लू न बुडाल्यामुळे विषयाचा पुढील अभ्यास करता आला नाही, याबद्दल खेद वाटतो.' महाराजांनी त्यांना शाल दिली. आवडाबाईला, अभ्यासाची सामग्री पाण्यात बुडवल्याबद्दल नोटीस आली. तिनं ती एका मांडीवर ठेवली. दुसऱ्या मांडीवर एक पिल्लू पेंगत होतं. उत्तर लिहायला तिला सवड मिळाली नाही.

तात्पर्य: मुलांनो, आईला प्रश्न जरूर विचारावा, पण तिचं उत्तर ऐकू नये. ऐकलं की काम करावं लागतं.