जलेबी, इमरती आणि शिराळ्याचे आम्ही

सापांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. शिराळ्याचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. सांगली जिल्ह्यातलं, नागपंचमीसाठी गाजलेलं. ते आमचं गाव! एवढं म्हटलं की समोरचा माणूस आदराने गप्प बसतो आणि पुढचं काही विचारत नाही. जयपूरच्या बँकेत बदलून आल्यापासून हे एक वाक्य मला पुरलं आहे. शाखेत पाल निघाली तरी लोक मलाच बोलावतात. मी लांबून तिच्याकडे रोखून बघतो, "अपने आप जाएगी" म्हणतो, आणि ती जाते. पालींचं तसंच असतं.

तर एका रविवारी सकाळी आमची अनुया माझ्यासमोर येऊन बसली. ती इथल्याच एका आयटी कंपनीत नोकरी करते.

"बाबा, एक मुलगा आहे. अमेय. माझ्याच ऑफिसात. मतलब, तुम्ही त्याला एकदा भेटावं."

"मराठी आहे?"

"नाशिकचा."

"मग अडचण काय?"

"अडचण काहीच नाही. उलट तुम्हाला फार आवडेल तो. त्याच्याकडे दोन पेट स्नेक आहेत."

माझ्या हातातलं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

"परदेशी जातीचे आहेत, बिनविषारी. सगळी कागदपत्रंही केलेली आहेत," अनुया उत्साहाने सांगत होती. "मी त्याला सांगून ठेवलंय, माझे बाबा शिराळ्याचे, साप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो म्हणाला, मग मी दोघींना घेऊनच येतो. बाबा, तुमचा होकार आला तरच मी पुढे जाणार. नाही तर नाही."

मी कपाच्या तळाशी बिस्किट शोधत राहिलो. लहानपणापासून ज्या पोरीला मी शिराळ्याच्या गोष्टी सांगून झोपवलं, तिला आता कोणत्या तोंडाने सांगणार की बाबाला गवतात पडलेला पाण्याचा पाइप दिसला तरी घाम फुटतो?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "घरात साप नको," जयंती म्हणाली.

देव पावला! मी लगेच सुस्कारा टाकला. "आईचं ऐकावं लागेल, बाळ. माझं काही नव्हतं, पण आता..."

"बाहेर मोकळ्यावर बघू," जयंती पुढे म्हणाली. "कानोत्याच्या धरणावर जाऊ. डबे मी करते."

बायकांना कधी कधी एवढं का सुचतं, मला कळत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही कानोत्याला. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन, धरणाचं निवांत पाणी, लांबवर बगळे. एकूण छान होतं. अमेय आधीच येऊन बसला होता. नीटनेटका मुलगा, इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार वगैरे. त्याच्या शेजारी भोकं पाडलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा होता.

"काका, ही जलेबी आणि ही इमरती," त्याने डब्याकडे हात केला.

दोघी नारिंगी होत्या, गोल गोल वळून पडल्या होत्या. नावं ठेवणाऱ्याने उगाच ठेवली नव्हती. आमच्या घरात रविवारी जलेबी येते. त्या दिवसापासून मी ती खात नाही.

"मी डबे घेऊन येते गाडीतून," जयंती म्हणाली. "अनुया, तूही चल. सगळं एकटीला उचलणार नाही." आणि दोघी निघाल्या. गाडी पार तिकडे लांब, झाडाखाली लावलेली.

आम्ही दोघं आणि डबा.

"काढा ना, काका," अमेय म्हणाला. "तुम्ही अनुभवी."

"छे छे. तुमची माणसं आहेत, तुम्हीच काढा."

"मला वाटतं, त्यांना स्वतःहून बाहेर येऊ द्यावं."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. इतका समंजस मुलगा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

त्याने झाकण काढलं आणि झटकन हात मागे घेतला. मला वाटलं, ही त्याची पद्धत असेल. आधी जलेबीचं डोकं वर आलं. जीभ एकदा बाहेर, एकदा आत, जशी काही हवेची चव बघते आहे. मग ती सतरंजीवर उतरली आणि घाई न करता, माझ्या मांडीकडे निघाली. इमरतीने अमेयची दिशा धरली.

इथे मी ओरडायला हवं होतं. पण ओरडलो असतो तर शिराळा संपलं होतं, आणि समोर होणारा जावई होता. मी ओठ मिटून घेतले. जलेबी गुडघ्यावर चढली, मनगटापाशी थांबली, विचार केला आणि सरळ माझ्या झब्ब्याच्या बाहीत शिरली.

मी हललो नाही. म्हणजे मला हलताच आलं नाही.

अमेयही हलला नाही. इमरती त्याच्या कमरेभोवती एक फेरा घेऊन खांद्यावर येऊन बसली होती. तो ताठ बसून धरणाकडे बघत होता. काय तो शांतपणा! मला मनातून त्याचा हेवा वाटला. एवढ्या वयात माणसाला इतकं स्थिर होता येतं?

"घरी कोण कोण असतं?" मी ओठ न हलवता विचारलं. बोलणी तर व्हायला हवी होती.

"आई. बाबा. मोठी बहीण, सुधा."

"बाबा काय करतात?"

"विमा कंपनीत होते. काका, ती तुमच्या दंडापर्यंत आलीये."

"माहीत आहे."

"हो. तुम्हाला माहीत असणारच."

एवढ्यात धरणावर फिरायला आलेले एक साफेवाले म्हातारबुवा आमच्यापाशी थांबले. त्यांनी आमच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बाबूजी, ये काटते नहीं?"

"हम शिराला के हैं," मी म्हणालो. सवय जात नाही.

शिराळा कुठे आहे हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण माझा आवाज इतका खोल गेला होता की त्यांनी हात जोडले. "गोगाजी महाराज की कृपा है," ते म्हणाले. गोगाजी हे इकडचं सापांचं दैवत. मग ते समोरच उकिडवे बसले. आता दर्शनाला आलेल्या भक्तासमोरून पळून जाणं आणखीच अवघड.

खरं सांगायचं तर, बसून बसून मला एक गंमत कळली. साप बुळबुळीत नसतो. जलेबी कोरडी होती, गुळगुळीत, आईच्या जुन्या रेशमी लुगड्याच्या काठासारखी. ती दंडाभोवती हलकेच आवळायची, सैल सोडायची. मध्येच थांबायची. तिचा श्वास मला कातडीवर कळत होता. तिला माझ्याशी भांडण नव्हतं. ती फक्त कुठे तरी छान पडून राहायचं बघत होती. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. थोडा वेळ मला जवळजवळ बरं वाटलं.

मग ती काखेतून वर आली आणि तिने कॉलरमधून डोकं काढलं. जीभ माझ्या कानाला लागली.

"अमेय," मी म्हणालो, "जरा हिला घेता का?"

"मी? नको, काका. ती तुमच्याकडे रमलीये."

"तरी घ्या."

"मला हलता येत नाहीये, काका."

"का?"

अमेयच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ निघाला. फेब्रुवारीत.

"काका, हे साप माझे नाहीत," तो अगदी हळू म्हणाला. "माझ्या रूममेटचे आहेत. परीक्षितचे. झोटवाड्याला आम्ही एकत्र राहतो. मी त्या खोलीत जातसुद्धा नाही. पण अनुया म्हणाली, तिच्या बाबांना सापांचं वेड आहे, मग मी बोलून गेलो, माझ्याकडेही आहेत. मला वाटलं, नाही तर तुम्ही नकार द्याल."

परीक्षित नावाच्या माणसाने साप पाळावेत हेच मुळात मला पटलं नाही. पण तो प्रश्न नंतरचा होता.

"म्हणजे तुला भीती वाटते?" मी विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"खूप, काका."

"किती?"

"मी मगाशी देवाला नवस बोललो."

"मी दोन बोललो," मी म्हणालो.

त्याने मान न वळवता डोळे माझ्याकडे वळवले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. समोर म्हातारबुवा डोळे मिटून काही तरी पुटपुटत होते.

"पण तुम्ही तर शिराळ्याचे."

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच मागून चपलांचा आवाज आला. जयंती हातात थर्मास घेऊन उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अमेयकडे. थर्मास खाली ठेवला.

"वारा लागतोय त्यांना," ती म्हणाली. "ऊब शोधतायत, दुसरं काही नाही." तिने माझ्या कॉलरपाशी हात धरला. जलेबी शहाण्या मुलीसारखी तिच्या हातावर गेली. मग इमरती. दोघींना तिने पोटाखालून आधार देत, पदरात उचलून घेतलं. "आमच्या कणगीमागे धामण असायची. आजी तिला उंदीर खायला आली म्हणायची. माझ्या पायावरून जायची ती."

तर आता सांगूनच टाकतो. शिराळा हे जयंतीचं माहेर. मी मिरजेचा. मिरजेत आमचं कुणी उरलं नाही, सुट्टीत आम्ही शिराळ्यालाच जायचो, म्हणून अनुयाचं गाव तेच झालं. मग माझंही झालं. जावयाचा गावावर थोडा तरी हक्क असतोच ना?

तेवढ्यात डबे सांभाळत अनुया आली आणि थबकली. "आई, तू धरल्यास? आणि बाबांनी का नाही?"

मी कॉलर सारखी करायला लागलो. अमेयने डोळे मिटले.

"बाबांनीच दिल्या माझ्या हातात," जयंती म्हणाली. "हात दुखला असेल त्यांचा. किती वेळ धरून बसले होते." मग ती अमेयकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तू मात्र तिला खरं काय ते सांग. ह्यांच्यासारखं वर्षानुवर्षं ओढू नकोस."

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. अनुया दोन दिवस बोलली नाही, मग खूप हसली. होकार मी लगेच दिला. ज्या मुलाबरोबर आपण एकत्र घाबरलो, त्याला नाही कसं म्हणणार?

त्या दिवशी परतताना अनुया अमेयबरोबर गेली, तेव्हा गाडीत मी जयंतीला विचारलं, "एवढी सवय आहे तुला, तर घरात नको का म्हणालीस?"

"तुम्ही पलंगावर चढला असता," ती म्हणाली. "पोरीसमोर."

 तिचे उपकार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

साखरपुडा परवाच झाला. परीक्षितही आला होता, डबा न घेता. हॉलच्या कोपऱ्यात ऑफिसातली मंडळी अमेयभोवती जमली होती आणि कुणी तरी त्याला अनुयाने लांबून काढलेला, खांद्यावर इमरती असलेला कानोत्याचा फोटो दाखवत विचारत होतं, "यार, तुझे डर नहीं लगा?"

अमेयने मान किंचित मागे टाकली. ती लकब मी ओळखली. ती माझीच होती.

"डर कैसा?" तो म्हणाला. "हम लोग शिराला के हैं."

त्याला टोकायला मी उठलो होतो. पण मग वाटलं, मला तरी कुणी टोकलं होतं?