घुबडअण्णांना दिसलेले कादंब

एका जंगलात एक तळं होतं. तळ्यात मासे कमी आणि काठावर वडीलधारे जास्त.

दरवर्षी पाऊस सरला, आभाळ निवळलं, की बर्फाचे डोंगर ओलांडून कादंब हंस तिथे यायचे. वडीलधारे त्यांच्यासाठी तळं राखून ठेवायचे. पहाटेपासून माना वर करून बसायचे.

रीत अशी, की कादंब आधी सगळ्यांत थोरल्याला दिसायला हवेत. तो 'आले' म्हणाला, की आले. त्याआधी आले असले, तरी आले नाहीत.

यंदा थोरलेपण घुबडअण्णांकडे आलं. हो मुलांनो, घुबड. उजाडलं की स्वतःची चोच दिसत नाही, तेच. पण बोलणार कोण? अण्णांना वाईट वाटलं असतं.

एका पहाटे टिटवी ओरडली, "अण्णा, आले! ते बघा, वडाच्या वर!"

"तुझं वय काय?" अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं.

"वयाचं काय? आभाळात बघा ना!"

"बघतोय. काही नाही."

तेवढ्यात कादंब तळ्यात उतरले. सोबत एक पिल्लू होतं. पहिलाच प्रवास, पंखांतलं बळ पार गळालं होतं.

कासवआबा धावले. म्हणजे, त्यांच्या मानाने. "उठा, उठा! ही जागा कादंबांसाठी राखीव आहे."

"अहो आबा, आम्हीच कादंब," पिल्लाची आई म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात. कादंब अजून यायचेत."

"पोराला घोटभर पाणी तरी पिऊ द्या. आता उडालं तर मरेल हो ते."

"आमच्या वेळचे कादंब थकत नसत," माकडतात्या म्हणाले आणि त्यांनी खडा भिरकावला. "पाहुण्यांच्या जागेत घुसता? लाज नाही वाटत?"

खडे वाढले. थवा उठला. पिल्लू उठेना. आईने ढकललं, टिटवीने ढकललं, तेव्हा कसंबसं उडालं. जंगलाबाहेर म्हशींचं डबकं होतं, तिथवर टिटवीने वाट दाखवली. पिल्लू चिखलात धपकन पडलं.

म्हशीने एक डोळा उघडला. "सरक गं," ती दुसरीला म्हणाली. "लेकरू दमलंय."

दोघी सरकल्या. पिल्लू वाचलं. टिटवीही तिथेच राहिली.

इकडे अंधार पडला आणि घुबडअण्णांनी डोळे उघडले. वडाच्या वर काळे पंख फडफडत होते.

"आले!" अण्णा गरजले.

जयजयकार झाला. ती वटवाघळं होती. ती वडाला उलटी लटकली.

"यंदा असे का बसलेत?" कासवआबांनी हळूच विचारलं.

"लांबचा प्रवास," माकडतात्या म्हणाले. "चक्कर आली असेल."

मग तळ्याकाठी स्वागतपर भाषणं झाली. ती अजून चालू आहेत.

तात्पर्य: मुलांनो, वडीलधारे डोळे लावून तुमची वाट बघत असतात. अशा वेळी चुकूनही तिथे पोहोचू नका.