रोह्याचा पहिला नंबर

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, म्हणतात. दिनानाथचा या म्हणीवर फार विश्वास, म्हणूनच त्या दुपारी त्याने सोंग घ्यायचं ठरवलं. धाटावच्या कंपनीतली रात्रपाळी करून तो सकाळी पेणला, रामवाडीतल्या आपल्या फ्लॅटवर आला, जेवून आडवा झाला आणि दुपारी जागा झाला तोच स्वयंपाकघरात दळणाचा डबा वाजला. (हा डबा वाजण्याचा अर्थ ज्या नवऱ्याला कळत नाही, तो खरा भाग्यवान.) दिनानाथने डोळे घट्ट मिटले आणि जोरात घोरायला लागला. एवढंसं दळण टाळायला गेला आणि त्याचं रामायण झालं.

बाहेरच्या खोलीत त्याची बायको वैशाली वरच्या मजल्यावरच्या प्रणिताशी फोनवर बोलत होती.

"किती सांभाळायचा गो आता? पंधरा वर्षं झाली. खातो किती नि काम करतो केवढं! जरा चालला की तापतो. सकाळी दोन दणके दिल्याशिवाय हलत नाय. आणि आवाज? ऐक, आतापण चालूच हाय."

दिनानाथचं घोरणं जागच्या जागी थांबलं.

"तीन बघितले मी. पेणचा एक, नागोठण्याचा एक नि रोह्याचा एक. सगळी माहिती भरली, तर पहिला नंबर रोह्याचा! दिसायला बारीक हाय, पण दमदार. आणि आवाज म्हणशील तर अजिबात नाय... छे गो, ह्यांना कशाला सांगतेय? लगेच नाक खुपसतील."

दिनानाथच्या लग्नालाही पंधराच वर्षं झाली होती.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बोलणं चाललं होतं सोसायटीच्या पंपाचं. वैशाली सोसायटीची सेक्रेटरी. नळाला पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावाधाव, म्हणून तिने शहरातल्या पाणीनियोजनाचं एक प्रशिक्षण घेतलं आणि तिथून लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम घेऊन आली. त्यात माणसं किती, गच्ची केवढी, पाऊस किती, वीज किती जाते, हे सगळं भरायचं. आपल्याला कशाचं महत्त्व जास्त तेही सांगायचं. मग तो सगळे पर्याय ताडून बघतो आणि नंबर लावून देतो. निर्णय आपणच घ्यायचा, तो फक्त मदतीला. त्याने सांगितलं होतं, टँकर सोडा, गच्चीवरचं पावसाचं पाणी मागच्या जुन्या विहिरीत जिरवा आणि चढवतो त्याहून जास्त गळतो तो विहिरीवरचा पंप आधी काढा. हे वैशालीने सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर समजावलं होतं. पण तिथेही दिनानाथ झोपेचं सोंग घेऊन बसला होता. (तिथे मात्र सोंगाची खरी झोप झाली.)

त्या दिवसापासून त्याला रोहा हे नावसुद्धा सोसेना. रोज कामाला जायचं तर रोह्यावरूनच. बारीक अंगाचा कुणीही दिसला की याचा तिळपापड. हाच असेल का? चालतो तर गुपचूप, आवाज नाही मेल्याचा! चहाच्या टपरीवर एक बारकेला गृहस्थ न फुरफुरता चहा प्यायला, तर दिनानाथ त्याच्याकडे इतका रोखून बघत राहिला, की तो बिचारा बिस्किट तसंच टाकून उठला.

शेवटी त्याने स्वतःला सुधारायला घेतलं. कमी खायला लागला. जिने धावत चढायला लागला आणि तिसऱ्या मजल्यावर तापायला लागला. मिशांना कलप लावून आला, तेव्हा वैशाली लाटणं हातात धरून बघतच राहिली.

"काय ओ, गणपतीच्या कारखान्यातून रंगवून आलात काय?"

तो ताटावर बसला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "बोला विलासभाऊ! शनिवारीच या. ह्यांची पहिली पाळी हाय, घरात कुणाची कटकट नाय. जुन्याला सकाळीच बाहेर काढून ठेवते."

दिनानाथच्या घशात पोळी अडकली. विलासभाऊ! वर पुन्हा भाऊ! ती पाणी आणायला आत गेली आणि त्याने फोनमधून 'विलास रोहा' नावाचा नंबर हातावर उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेर, बसच्या धडधडाटात उभं राहून त्याने फोन लावला.

"वैशालीचा नवरा बोलतोय!"

"अरे वा, नमस्कार! मॅडमनी सांगितलं वाटतं तुम्हाला?"

"ती कशाला सांगतेय? तुझा पहिला नंबर आलाय म्हणे."

"येणारच ओ. एकदा आमचा घेतला, की बाई दुसरीकडे बघत नाय."

"अशी किती घरं केलीस रे?"

"पेणेत धा-बारा. रोह्यातली मोजलीच नायत."

दिनानाथने गेटचा गज धरला. "आणि त्यांचे नवरे गप्प बसतात?"

"गप्प? खूश असतात! डोक्याचा ताप गेला म्हणतात."

"आणि... जुन्याचं काय करतोस?"

"त्याचं टेन्शन घेऊ नका. टेम्पो आणतोय. भंगारवाला आपलाच हाय. तांब्याचे तेवढे पैसे सुटतील."

दिनानाथने मनगटाकडे बघितलं. सांधेदुखीवर म्हणून सासूबाईंनी दिलेलं तांब्याचं कडं तिथे चमकत होतं. म्हणजे हिने याला कड्यापर्यंत सगळं सांगितलंय!

"माझ्या घराची पायरी चढलास तर तंगडं मोडून हातात देईन!" तो एवढ्या जोरात ओरडला, की सुटणारी बस थांबली. फोन कट झाला.

शनिवारी पाळी संपवून दिनानाथ विजयी वीरासारखा घरी आला. येताना गजराही घेतला. पण खाली बघतो तर सोसायटीतल्या यच्चयावत बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या. कडेला गंजका जुना पंप उताणा पडलेला. आणि मधोमध वैशाली फोनवर.

"अहो विलासभाऊ, पंप बसवायला येणाऱ्याचं तंगडं कोण कशाला मोडेल? ...कोण? कुणाचा नवरा?"

ती सावकाश वळली. दिनानाथच्या हातातला गजरा खाली पडला.

"पंप?" तो म्हणाला. "म्हणजे... रोह्याचा तो... पंप?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

त्याने काय वाटलं ते सांगितलं. सगळ्या बायकांसमोर सांगितलं, हीच खरी चूक झाली. प्रणिता तर हसत हसत पायरीवर बसली. वैशालीने तोंडाला पदर लावला. पण हसणं ओसरल्यावर बादल्या रिकाम्याच होत्या. तिने विहिरीकडे बोट दाखवलं. "पंपाला हाकललंत ना? आता तुम्हीच पंप."

मग दिनानाथने दोराने पाणी ओढलं. बारा बिऱ्हाडांचं ओढलं. तळमजल्याच्या धोंडुबाई कळशी टेकवून म्हणतात कशा, "हाऽऽ हूऽऽ नको करू रे, पहिला बरा होता त्यापेक्षा!"

वैशालीने हातापाया पडून समजूत घातल्यावर रविवारी विलासभाऊ आले. सुटलेलं पोट, टक्कल, दोन लेकींचा बाप. नवा पंप उतरवून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. विहिरीच्या काठावर जुना पंप पडला होता आणि त्याला टेकून दिनानाथ.

"मॅडम, न्यायचा तो जुना हाच ना?"

"व्हय. पण एकच न्या," वैशाली म्हणाली. "दुसऱ्याचं मशीनला विचारून सांगते."

आणि जेवणं झाल्यावर तिने खरोखरच लॅपटॉप उघडला. दिनानाथ समोर पाठ शेकत बसला होता. गंमतच चालली होती, पण त्याने शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "किती वर्षं वापरात... खाणं... आवाज... संशयाची गळती," असं पुटपुटत ती एकेक भरत गेली. शेवटी तिने बटण दाबलं.

"काय म्हणतंय?" दिनानाथने पुढे सरकत विचारलं.

"बदलू नये. दुरुस्त करून वापरावा."

दिनानाथची छाती अशी फुगली, की पाठीची उसणसुद्धा क्षणभर गेली. "बघ! मशीनलासुद्धा माझी किंमत कळते!"

"तीच तर लिहिलेय खाली," वैशालीने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "भंगारात मिळणारी किंमत, शून्य."

दिनानाथने त्या शून्याच्या मागेपुढे एखादा आकडा शोधून बघितला. त्या गंजक्या पंपाचे सकाळीच रोख पैसे आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो एका भंगार पंपावर जळत होता.

"अगं, निदान माझ्या तांब्याच्या कड्याचं तरी धरायचं होतंस!"

"धरलं ना," वैशाली लॅपटॉप मिटत म्हणाली. "त्याच्याआधी उणे दाखवत होतं."