गुंजनची गिटार आणि माझं अर्थिंग

विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं नम्र मत आहे. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमच्या घरात फ्यूज उडाला तर वायरमनला नाही, मला हाक मारतात! त्यामुळे गुंजन, म्हणजे माझी नणंद, इलेक्ट्रिक गिटार आणि मोबाईल घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा मी पेपर तपासता तपासता मान वर न करताच म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे."

काम असं होतं. झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा गिटारवाला ऐन हंगामाच्या तोंडावर सोडून गेला होता. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे इकडच्या जत्रेत, नाटकं सुरू होणार. मालक योगराजभाऊंनी गुंजनला फोनवर बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत एक गाणं वाजवून पाठव. साफ पायजे. आमगावच्या एकानं पाठवून बी देलं." आणि सासूबाईंनीही बजावलं होतं. या वेळी जमलं नाही तर गिटार माळ्यावर आणि गुंजन देवरीला, मामाच्या खताच्या दुकानात!

गुंजननं एक छोटी डबी ऑनलाइन मागवली होती. एका बाजूनं गिटारची वायर खुपसायची, दुसऱ्या बाजूनं मोबाईल. मी दोन्ही खुपसलं. अ‍ॅप उघडलं. लाल बटण दाबलं. गुंजननं वाजवलं. आम्ही ऐकलं.

घूंऽऽऽऽ!

रेड्याच्या पोटात ट्रॅक्टर चालू असावा तसा आवाज! त्यात गिटार कुठेतरी लांब, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी वाजत असल्यासारखी.

"वहिनी, हे काय होऊन राहिलं?"

"अर्थिंग," मी म्हणाले. "अर्थिंग कच्चं असलं की विजेची घरघर येते. तारांना हात लाव, कमी होईल."

तिनं हात लावला. कमी झाली नाही.

"अपवाद," मी म्हणाले.

पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. सासूबाईंची मालिका बंद केली, तीही अशा क्षणी की सुनेच्या हातून दुधाचा पेला पडतच होता. घूंऽऽ तसंच! मग मी मिठाची अख्खी पुडी बादलीत रिकामी केली आणि मागच्या अंगणात गेले. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्यात मीठ-पाणी घालतात, हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. प्रश्न एवढाच होता की त्या खड्ड्यावर सासूबाईंनी कोचई, म्हणजे अळू, लावली होती. चांगली हत्तीच्या कानाएवढी पानं झाली होती.

"नूतन! माह्या कोचईले खारं पाणी कायले देऊन राहिली?"

"आई, कोचईला नाही, अर्थिंगला देतेय."

"मंग आता अर्थिंगच्याच वड्या खा तू!"

शेवटी मी घराचा मेन स्विच खाली ओढला. घरात विजेचा थेंब नाही. मोबाईल आपल्या बॅटरीवर. पुन्हा रेकॉर्ड केलं.

घूंऽऽऽऽ!

माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलानं यावरून एवढंच काढलं असतं, की घरघर विजेची नाही. मी काढलं ते असं, की घरघर शेजाऱ्याच्या विजेची आहे आणि जमिनीखालून आपल्याकडे येते! असं उत्तर कोणी पेपरात लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण कापले असते.

आमच्या भिंतीला लागून शालीकरामभाऊंची पिठाची चक्की आहे. दिवाळीचे दिवस. डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. भाऊ पापण्यांपर्यंत पांढरे.

"भाऊ, थोडा वेळ चक्की बंद करा ना! तुमच्या मोटारीचा करंट जमिनीतून आमच्याकडे येतोय!"

शालीकरामभाऊंनी आधी एक पाय उचलला. मग दुसरा उचलायला गेले आणि तुरीच्या पोत्यावर बसले.

"करंट? जमिनीत?"

झालं! हा शब्द रांगेतून असा गेला की काय सांगू! कोणी डब्यावर चढली, कोणी पोत्यावर. "ओ शकुंतलाबाई, खाली पाय नका ठेवू! जमिनीत करंट हाये!" "अरे मेरा बच्चा उधर खडा है!" भाऊंनी पोत्यावरूनच काठीनं स्विच पाडला. चक्की थांबली.

आणि भिंतीपलीकडून गुंजन ओरडली, "वहिनी! गेली! घरघर गेली!"

"सिद्ध झालं!" मी तिथंच टाळी वाजवली. "वाजव! लवकर वाजव!"

गुंजननं सुरुवात केली. इकडे मी बायकांना म्हणाले, "उतरा खाली, काही होत नाही."

शकुंतलाबाई डब्यावरून म्हणाल्या, "मंग चक्की काऊन बंद केली?"

"गिटारसाठी."

खरं होतं, पण सांगायला नको होतं.

"गिटारीसाठी? अन् माह्या चकल्या का गिटारीत गाळू?"

"भाऊ, चालू करा हो! या मॅडमचं डोकं फिरलं!"

भाऊ उठले. मी स्विचसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. पण तिथं मी अशी काही ओरडले की छपरावरचं पीठ पडलं. "बंद ठेवा! बंद ठेवाऽऽ! कोणी हात लावायचा नाही!" एवढ्यात सासूबाई कोचईचं लोंबतं पान घेऊन आल्या आणि त्यांनी रांगेपुढे माझ्यावरचा खटला सुरू केला.

गुंजननं गाणं संपवलं. अंधारून आलं होतं, म्हणून न ऐकताच पाठवून दिलं. मी घरी आले, तेव्हा ती नुसती मोबाईलकडे बघत बसली होती.

"वहिनी, ऐका."

ऐकलं. शकुंतलाबाईंच्या चकल्या स्पष्ट. कोचईवरचा विलाप स्पष्ट. माझं "बंद ठेवाऽऽ" तर इतकं स्पष्ट की मीच दचकले. या सगळ्यांच्या मागे, बिचारी, गिटार.

मी खाली बसले. गिटारच्या वायरीतून तारेची थरथर जाते. सासूबाई जात नाहीत! गुंजननं अ‍ॅपमध्ये शोधलं. आवाज कुठून घ्यायचा, तिथं दोन नावं होती, आणि खूण होती 'फोनचा माइक' यावर. डबी नुसती लोंबत होती. आणि घरघर होती साध्या चक्कीची. भिंतीपलीकडे ती रोजच चालते, इतकी रोज की आम्हाला ऐकूच येत नाही. मोबाईल इथं नवीन. त्याला ऐकू आली.

गुंजननं गिटार कव्हरमध्ये घातली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मामाले फोन लावू का?"

फोन योगराजभाऊंचाच आला. गुंजननं स्पीकरवर टाकला.

"ऐकलं मी, बेटा. एवढा कल्ला, बाया भांडून राहिल्या, अन् तुया ताल एका जागी बी सुटला नाही! आमगाववाल्याचं साफ हाये, पण बंद खोलीत कोणीबी वाजवते. मंडईत पोरं रडतेत, स्टेजवर कुत्रे चढतेत, मागं जनरेटर बोंबलते. तिथं तुयासारखीच पायजे. उद्या तालमीले ये."

गुंजन हसतही होती, रडतही होती. सासूबाईंनी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, आणि, माझा विश्वास बसेना, एक माझ्याही तोंडात.

"पण एक सांग," योगराजभाऊ म्हणाले, "ते 'बंद ठेवा, बंद ठेवा' ओरडून राहिली, ते बाई कोण हाये?"

मी ओढणी सारखी केली. नाटकवाली माणसं, आवाजाची पारख असते त्यांना.

"माझी वहिनी," गुंजन म्हणाली.

"तिले संग आणू नको बेटा. आमचं जनरेटर चालू राहाले पायजे."